लसीकरणाचं कार्ड नाही, तरी ग्रीन कार्डची मेडिकल नीट झाली (एडिसन, न्यू जर्सी)

साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो फोन न उचलण्यासाठी आणि लॅबच्या बिलाच्या गोंधळासाठी, त्याचं खाली लिहितेच. पण डॉक्टर मॅडमच्या कामाला माझ्याकडून पूर्ण पाच, कारण लहानपणच्या लसींचा एक कागद हातात नसताना त्यांनी आमची मेडिकल इतकी शांतपणे आणि नियमाला धरून करून दिली की आधी जे महिनाभर टेन्शन घेतलं होतं ते सगळं उतरलं. हा रिव्ह्यू मुद्दाम लांब लिहितेय, कारण मला शोधताना मराठीत कुठेच नीट माहिती मिळाली नव्हती आणि आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या लोकांची अडचण सगळ्यांची सारखीच आहे.

आधी थोडं मागचं सांगते. इतकी वर्षं वाट बघून आमची डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली आमची तारीख, एकदाची फायलिंगला आली आणि वकिलाच्या ऑफिसमधून मेल आला की आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डच्या अर्जाबरोबरच आय-६९३ म्हणजे मेडिकलचा फॉर्म जोडायचाय, नंतर पाठवतो वगैरे आता चालत नाही. हा नियम २ डिसेंबर २०२४ पासून आहे. आधी लोक अर्ज टाकून मेडिकल मागाहून द्यायचे, तसं आता केलं तर अख्खा अर्जच परत येऊ शकतो. आणि ही मेडिकल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे होत नाही, यूएससीआयएसने, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याने, नेमलेला डॉक्टर लागतो, त्याला सिव्हिल सर्जन म्हणतात, त्यांच्या साइटवर झिप कोड टाकला की जवळची नावं येतात. ज्यांचा इमिग्रंट व्हिसा मुंबईच्या कॉन्सुलेटमधून होतो त्यांचं वेगळं, त्यांना तिकडच्या नेमलेल्या डॉक्टरकडे, म्हणजे पॅनल फिजिशियनकडे, जावं लागतं, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचे सल्ले आणि इकडचे सल्ले एकमेकांत मिसळू नका.

तर झिप कोड टाकून आलेल्या यादीतल्या पहिल्याच ठिकाणी मी फोन केला. नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी विचारलं व्हॅक्सिनेशन रेकॉर्ड आहे का, मी म्हटलं इंडियातलं काहीच नाही, तर म्हणाल्या मग हिपॅटायटिस बीचे सगळे डोस, एमएमआरचे दोन्ही, कांजिण्यांचे दोन्ही पूर्ण करून या, मग डॉक्टर सही करतील. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा तीन डोसांचा कोर्स सहा महिन्यांचा असतो! सहा महिन्यांत डेट मागे गेली तर आम्ही परत लायनीत. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने मग हे क्लिनिक सांगितलं.

आता रेकॉर्ड का नाही, ते. माझा जन्म १९८३ चा, साताऱ्याचा. आपल्याकडे सरकारी सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९८५ मध्ये, गोवराची लसही त्याच सुमारास त्यात आली. त्याआधी टीबीची बीसीजी, ट्रिपल आणि पोलिओ मिळायचं, तेसुद्धा ज्या दवाखान्यात आई घेऊन जाईल तिथे. हिपॅटायटिस बी सरकारी कार्यक्रमात आली ती आम्ही मोठे होऊन कामाला लागल्यावर. रुबेला तर शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा, महाराष्ट्रात २०१८ ला. कांजिण्यांची लस सरकारी यादीत आजही नाही. म्हणजे समजा आईने कार्ड जपून ठेवलं असतं तरी निम्मे रकाने रिकामेच दिसले असते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं होतं ना, पिवळं कार्ड होतं, शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवलेलं, पण जुना वाडा सोडला तेव्हा ट्रंकेतलं कितीतरी गेलं." आणि मग दिवसभर तिलाच वाईट वाटत राहिलं, मला परत फोन करून समजूत घालावी लागली की अगं त्यात तुझं काहीच नाही.

या क्लिनिकमध्ये गेल्यावर डॉक्टर मॅडमनी पहिलं काम काय केलं तर सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेचं, लसींचं टेबल स्क्रीनवर उघडलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. आडव्या ओळीत लसी, उभ्या रकान्यात वय. म्हणाल्या, तुमच्या वयाच्या रकान्यात जे आहे तेवढंच मला बघायचंय, बाकीचं नाही. मग एकेका लसीवर पेन ठेवून विचारत गेल्या, कागद आहे का, कागद नाही तर रक्तात दिसेल का, तेही नको तर आज एक डोस घ्यायला काही अडचण आहे का. बस्स, या तीनच प्रश्नांत सगळं. आमच्या वयाला मुख्य अडकणाऱ्या गोष्टी होत्या एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला, मग टीडॅप म्हणजे धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, मग कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी. फ्लूची लस ऑक्टोबर ते मार्च या सीझनमध्येच लागते, आम्ही सप्टेंबरात गेलो म्हणून फॉर्मवर तिथे फ्लू सीझन नाही अशी खूण झाली. कोविडची सक्ती २२ जानेवारी २०२५ पासून काढलीय, तरी लोक अजून त्याची कार्डं शोधत बसतात. एचपीव्ही आणि नागिणीची लस तर २००९ च्या शेवटीच यादीतून गेली. यादी अशी मधूनमधून बदलत असते, त्यामुळे मैत्रिणीची तीन वर्षांपूर्वीची यादी घेऊन जाऊ नका, सीडीसीच्या साइटवर सिव्हिल सर्जनसाठीच्या सूचना सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. कोर्स पूर्ण करावा लागत नाही. ज्या लसीचे दोन-तीन डोस असतात तिचा त्या दिवशी जो डोस घेता येतो तो एक घ्यायचा, आणि पुढच्या डोसाला अजून पुरेसे दिवस झाले नाहीत म्हणून फॉर्मवर त्यासाठीच वेगळा रकाना आहे, डोसांमधलं अंतर अपुरं, तिथे डॉक्टर खूण करतात आणि मेडिकल तिथेच पुढे जाते. ही ब्लँकेट वेव्हर, म्हणजे सरसकट मिळणारी सूट आहे, त्यासाठी वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही, वकील नाही. वयाला लागू नाही, तब्येतीमुळे देता येत नाही, फ्लूचा सीझन नाही, हे सगळं त्याच प्रकारात मोडतं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने दोनदा विचारलं, म्हणजे सहा महिने थांबायचं नाही ना? नाही म्हणाल्या, पण पुढचे डोस मात्र घ्या, फॉर्मसाठी नको, स्वतःसाठी घ्या, आणि मला शब्द दिल्यासारखं वहीत तारखा लिहून दिल्या. मला हे फार आवडलं. सही करून पैसे घेऊन मोकळं होणारे खूप असतात.

कांजिण्यांचा किस्सा सांगायलाच हवा. मॅडमनी विचारलं लहानपणी आल्या होत्या का. मी म्हटलं हो, चौथीत असताना, आधी धाकट्या भावाला आणि मग मला. त्यावर त्यांनी लगेच हो म्हणून सोडून दिलं नाही. पुरळ कुठून सुरू झालं, पोटावर की हातापायावर, पाण्याचे फोड होते का, खपल्या धरल्या का, घरात अजून कोणाला झालं, शाळा किती बुडली. मी सगळं सांगितलं, आजीने कडुनिंबाचा पाला अंथरुणात घातला होता, अंघोळीच्या पाण्यातही तोच, आणि खाजवायचं नाही म्हणून माझी नखं अगदी मुळापासून कापली होती. भुवईच्या वर एक खड्डा अजून आहे तो दाखवला. त्यांनी टॉर्च लावून बघितला, मान हलवली, आणि फॉर्मवर त्या ओळीत कांजिण्या होऊन गेल्याची नोंद केली. लस नाही, रक्ततपासणी नाही. खात्रीलायक तोंडी माहिती डॉक्टरला पटली तर या एका आजारासाठी ती चालते, गोवरासाठी तशी चालत नाही. नवऱ्याला मात्र काहीच आठवेना, सासूबाईंनाही नक्की सांगता येईना की कांजिण्या होत्या का नुसत्या घामोळ्या, म्हणून त्याचं रक्त तपासलं आणि इम्युनिटी निघाली. एक लक्षात ठेवा, अमेरिकेत १९८० च्या आधी जन्मलेल्यांना कांजिण्यांच्या बाबतीत सूट असते असं कुठेतरी वाचायला मिळेल, ती इथे जन्मलेल्यांसाठी आहे, आपल्याला ती लागू नाही.

नवऱ्याच्या हिपॅटायटिस बीचं पण असंच. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॉलेजात कॅम्प लागला होता, त्यावेळी असे कॅम्प सगळीकडे लागायचे, त्याचं एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट त्याच्याकडे निघालं. मोठ्या आनंदाने घेऊन गेलो. मॅडमनी उलटसुलट बघितलं आणि परत दिलं, कारण त्यावर नुसतं लिहिलंय की कोर्स पूर्ण केला, एकाही डोसाची तारीख नाही. प्रत्येक डोसाची तारीख आणि देणाऱ्या डॉक्टरची किंवा संस्थेची नोंद असेल तरच तो कागद धरतात. पण त्या म्हणाल्या, डोस खरंच घेतले असतील तर रक्तात दिसेल, टायटर म्हणजे रक्तातल्या इम्युनिटीची टेस्ट करू. केली आणि पॉझिटिव्ह आली, म्हणजे त्याला ती लस घ्यावीच लागली नाही. इंडियातला कागद इंग्रजीत नसेल तर भाषांतर करून न्यावं लागतं, तेही आधीच सांगते, कारण जुनी कार्डं पुष्कळदा मराठीत असतात.

टायटरबद्दल मात्र सगळीकडे जे सांगतात की सरसकट सगळ्याची करून घ्या, ते मला पटलं नाही आणि मॅडमनाही पटत नाही. एमएमआरचं बघा ना, त्यात तिन्ही आजारांची इम्युनिटी वेगवेगळी दिसावी लागते. गोवर लहानपणी होऊन गेलेला असतो म्हणून तो पॉझिटिव्ह येतो, रुबेलाही येऊ शकतो, पण गालगुंड निगेटिव्ह आलं की एमएमआर घ्यावीच लागते आणि टायटरचे पैसे वाया. आधीच इम्युनिटी असलेल्याने एमएमआर घेतली तर त्याने काही अपाय होत नाही. म्हणून आम्ही दोघांनी एमएमआर सरळ घेतली. टायटर तिथेच करा जिथे डोस खरंच घेतल्याची किंवा आजार होऊन गेल्याची चांगली शक्यता आहे.

धनुर्वाताचं इंजेक्शन हे आपल्याकडे सगळ्यांनी घेतलेलं असतं, कुठे खिळा लागला की घे टीटी. माझ्या तर बाळंतपणाच्या फाइलमध्ये पुण्याच्या हॉस्पिटलचे टीटीचे दोन डोस तारखेसकट होते, मला वाटलं हे तरी सुटलं. नाही सुटलं. टीटीमध्ये फक्त धनुर्वात असतो, इथे त्याच्याबरोबर घटसर्प आणि डांग्या खोकलाही हवा, म्हणून टीडॅपचा एक डोस घ्यावा लागला. दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही.

आता पैशांचं. इमिग्रेशनच्या मेडिकलची फी सरकार ठरवत नाही, प्रत्येक डॉक्टरची वेगळी, आणि इन्शुरन्स सहसा ती देत नाही. पण लसी ही वेगळी गोष्ट आहे. मॅडमनी आपणहून सांगितलं की माझ्याकडे सगळ्या लसी आहेत पण तुम्हाला त्या खिशातून भराव्या लागतील, त्यापेक्षा तुमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधल्या फार्मसीत घ्या, प्रौढांसाठी शिफारस केलेल्या लसी बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतात, आणि त्यांचा प्रिंटआउट मला आणून द्या. स्वतःचं गिऱ्हाईक असं दुसरीकडे पाठवणारा माणूस मी तरी कमी बघितलाय. आम्ही एमएमआर, टीडॅप आणि माझा हिपॅटायटिस बीचा पहिला डोस असं सगळं फार्मसीत घेतलं, एक पैसा लागला नाही, आणि न्यू जर्सीच्या लसीकरण नोंदणीत ते आपोआप चढलं, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं तर रेकॉर्ड नाही असं म्हणायची वेळ येणार नाही.

पण क्रम सांभाळा, इथे लोक फसतात. मेडिकलमध्ये टीबीसाठी रक्ताची तपासणी होते आणि एमएमआर, कांजिण्या या जिवंत विषाणूच्या लसी त्या तपासणीत घोळ करू शकतात. म्हणून रक्त आधी द्यायचं किंवा त्याच दिवशी लस घ्यायची, लस आधी झाली असेल तर रक्तासाठी किमान चार आठवडे थांबायचं. आणि एमएमआर व कांजिण्या दोन्ही घ्यायच्या असतील तर एकाच दिवशी घ्या, नाहीतर दोघींत २८ दिवसांचं अंतर लागतं. आमचं पहिल्याच भेटीत सगळं रक्त काढून घेतलं आणि मग तिथून सरळ फार्मसीत जायला सांगितलं. ज्या बायका प्रेग्नंट आहेत किंवा लगेच विचार आहे त्यांनी हे आधीच सांगावं, या दोन लसी गरोदरपणात देत नाहीत, फॉर्मवर त्यासाठीही खूण आहे, त्यामुळे अर्ज अडत नाही.

टीबीच्या तपासणीने आमच्या घरात खरी खळबळ उडवली. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो आणि जुन्या कातडीवरच्या टेस्टमध्ये त्या लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकायचं. आता २०१८ पासून दोन वर्षांवरच्या सगळ्यांची रक्ताची टेस्ट, इग्रा म्हणतात तिला, करतात आणि बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. त्यामुळे नवऱ्याची पॉझिटिव्ह आली तेव्हा बीसीजीमुळे असेल असं म्हणून मनाची समजूतही घालता येईना. त्याचा चेहराच उतरला. मला आठवतंय, मॅडमनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, याचा अर्थ तुम्हाला टीबी झालाय असा नाही, शरीरात कधीतरी जंतू शिरला आणि झोपून आहे, भारतात वाढलेल्या माणसांत हे मी नेहमी बघते, छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल आणि खोकला, ताप, वजन कमी होणं असं काही नसेल तर तुमचा फॉर्म मी सही करू शकते. एक्स-रे स्वच्छ आला. फॉर्मवर लेटंट टीबी अशी नोंद झाली, काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवणं त्यांना बंधनकारक आहे ते त्यांनी केलं, आणि ग्रीन कार्डच्या अर्जावर त्याचा परिणाम नाही हे आमच्या वकिलानेही सांगितलं. पुढे आरोग्य खात्यातून फोन आला, गोळ्यांचा कोर्स घेणं ऐच्छिक होतं, नवऱ्याने चार महिन्यांचा रिफॅम्पिनचा कोर्स घ्यायचं ठरवलं. मला वाटतं बरंच झालं, पुढे म्हातारपणी तो जंतू जागा होण्यापेक्षा आत्ताच निकाल लावलेला बरा.

बाकीच्या तपासण्यांतही वयाप्रमाणे फरक असतो आणि ते मॅडमना पाठ आहे. सिफिलिसची टेस्ट १८ ते ४४ वयाला, म्हणून माझी झाली, नवरा पंचेचाळीसचा म्हणून त्याची नाही. एचआयव्हीची २०१० पासून लागत नाही. हे सांगायचं कारण, दुसऱ्या एका ओळखीच्या बाईंना कुठल्यातरी ठिकाणी न लागणाऱ्या टेस्टचंही बिल लागलं होतं. तुम्हाला कोणती टेस्ट कशासाठी लावलीय हे विचारायला लाजू नका.

मुलाचं अगदी सोपं झालं. त्याचा जन्म पुण्याचा, २०११ चा, त्याच्या बालरोगतज्ज्ञांची ती स्टिकर चिकटवलेली पुस्तिका मी जिवापाड जपलीय. मॅडमनी पोलिओचे डोस विशेष बघितले, कारण एप्रिल २०१६ च्या आधीचे तोंडातून दिलेले थेंब तिन्ही प्रकारच्या पोलिओवरचे होते आणि ते इथे धरतात, त्यानंतरचे थेंब दोनच प्रकारांवरचे आहेत म्हणून ते धरत नाहीत. ज्यांची मुलं त्यानंतर इंडियात जन्मलीत त्यांनी पुस्तिकेत इंजेक्शनवाल्या पोलिओची नोंद आहे का ते आधीच बघून ठेवा. मेनिंजायटिसची आणि टीडॅप त्याला सहावीत जाताना शाळेने मागितलेली म्हणून झालेलीच होती.

एका गोष्टीवर जरा स्पष्टच लिहिते. आम्ही टेन्शनमध्ये होतो तेव्हा किमान तीन-चार जणांनी सल्ला दिला की गावाकडच्या फॅमिली डॉक्टरकडून मागच्या तारखा टाकून सर्टिफिकेट मागवून घ्या, कोण बघतंय. कृपा करून असं करू नका आणि कोणाला सांगूही नका. या फॉर्मवर आपण शपथेवर सही करतो, खोटी माहिती दिल्याचं निघालं तर तो इमिग्रेशनमधला फ्रॉड धरतात आणि तो डाग जन्मभर पाठ सोडत नाही. आणि तिकडच्या डॉक्टरलाही आपण विनाकारण अडचणीत घालतो. एवढं सगळं कशासाठी, तर एका इंजेक्शनसाठी जे इथे कोपऱ्यावरच्या फार्मसीत फुकट मिळतं! कागद नसणं हा गुन्हा नाही, कायद्याने त्याची सोय आधीच करून ठेवलीय. ज्यांना लस घ्यायचीच नाही, धर्माच्या किंवा तत्त्वाच्या कारणाने, त्यांचा रस्ता वेगळा आहे, सूट मागायचा आय-६०१ चा अर्ज, त्यात सगळ्याच लसींना विरोध आहे हे पटवून द्यावं लागतं, एखादीच नको असं चालत नाही.

आईवडिलांसाठी करणाऱ्यांनी क्लिनिकला जाण्याआधी जन्मसाल बघून घ्या. १९५७ च्या आधीचा जन्म असेल तर एमएमआर लागत नाही, १९५७ किंवा नंतरचा असेल तर लागते. एका मैत्रिणीच्या वडिलांना नाही लागली आणि आईला लागली, दोघांत चार-पाचच वर्षांचं अंतर. साठीनंतर हिपॅटायटिस बी लागत नाही, पण उतारवयात न्यूमोनियाची लस लागते, कितव्या वर्षापासून ते चालू यादीत बघा. टीडॅप सगळ्यांनाच. कांजिण्यांबद्दल म्हाताऱ्या माणसांना नीट आठवत असतं, फक्त मॅडम जे प्रश्न विचारतात त्याची उत्तरं मुलांनी भाषांतर करून सांगावी लागतात, तर सोबत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारं कोणीतरी जा. मॅडम मोडकंतोडकं हिंदी बोलतात, त्या मैत्रिणीच्या आईशी त्यांनी हिंदीतच बोलून तिची भीती घालवली होती.

शरीरतपासणी साधीच, बीपी, छाती, पोट, मानेच्या गाठी, थोडे मानसिक आरोग्याचे आणि दारू-ड्रग्जचे प्रश्न. पासपोर्ट न्या. फॉर्ममधलं आपलं नाव-पत्ता घरून भरून न्या पण सही करू नका, ती डॉक्टरसमोरच करायची असते. फॉर्मची चालू आवृत्ती आहे ना तेही काउंटरवरची मुलगी आधीच बघते. शेवटी मॅडमनी आमच्यासाठी एक पूर्ण कॉपी काढून हातात दिली आणि मूळ फॉर्म पाकिटात घालून बंद केला. कॉपी न मागता दिली, काही ठिकाणी मागूनही देत नाहीत असं ऐकलंय. बंद पाकीट उघडायचं नाही, घरी कोणी कुतूहलाने उघडलं तर परत सगळं करावं लागतं, म्हणून मी ते सरळ वकिलाच्या ऑफिसात देऊनच घरी आले. आणि ही मेडिकल ज्या अर्जाबरोबर गेली त्या अर्जापुरतीच धरतात, ११ जून २०२५ पासून, अर्ज मागे घेतला किंवा नाकारला तर नवीन अर्जाला नवीन मेडिकल. त्यामुळे आधी करून ठेवलेली बरी असा विचार करून वर्षभर आधी करण्यात अर्थ नाही, फायलिंगची तारीख नक्की दिसली की करा.

आता तक्रारी. एक, फोन. सकाळी दहा ते दुपारपर्यंत कोणी उचलतच नाही, व्हॉइसमेल भरलेला असतो, मी शेवटी स्वतः जाऊन अपॉइंटमेंट घेतली. ज्यांना लांबून यायचंय त्यांचे किती हाल होत असतील. दोन, लॅब. काउंटरवर जी फी सांगतात त्यात रक्ताच्या टेस्टचे पैसे धरलेले नाहीत, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी लॅबचं वेगळं बिल घरी आलं. आकडा काही भयंकर नव्हता पण माणूस दचकतो. मी जाऊन बोलले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माफी मागितली आणि आता तिथे कागदावर लिहून लावलंय म्हणे, मी अजून बघितलं नाही. तीन, वेटिंग रूम फारच लहान आहे, शनिवारी उभं राहावं लागतं, वयस्कर माणसांना आणायचं असेल तर मधल्या वारी सकाळी आणा. पार्किंग मागच्या बाजूला भरपूर आहे, पुढच्या दुकानांसमोर लावू नका, टो करतात.

नवीन जाणाऱ्यांनी सोबत काय न्यायचं तर पासपोर्ट, वकिलाने दिलेला फॉर्म, इन्शुरन्सचं कार्ड फार्मसीसाठी, मुलांची लसीकरणाची पुस्तिका आणि शाळेचा रेकॉर्ड, बाळंतपणाची किंवा ऑपरेशनची जुनी फाइल असेल तर ती, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर त्याची चिठ्ठी. आणि निघण्याआधी आईला एक फोन करा, कांजिण्या, गोवर, गालगुंड कधी आणि कोणाकोणाला झाले ते विचारून कागदावर लिहून घ्या. माझा हिपॅटायटिस बीचा दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे, तो झाला की जमलं तर इथेच खाली लिहीन.